पाळीची नोंदवही: रुमानियाच्या हुकूम क्रमांक ७७० चं प्रकरण

सकाळची शिफ्ट सुरू होऊन तासभर झालेला असतो. गिरणीच्या खात्यात कुणीतरी यादी घेऊन येतं आणि नावं पुकारू लागतं. नाव आलेली बाई आपलं यंत्र शेजारणीच्या हवाली करते, हात पुसते आणि दवाखान्याच्या खोलीबाहेरच्या रांगेत जाऊन उभी राहते. आत पडद्याआड डॉक्टर, बाजूला नर्स, नर्सपुढे नोंदवही. सांगितलेलं कारण आरोग्य तपासणीचं: आजार वेळीच सापडावा म्हणून. पण वहीत खरं काय लिहिलं जातं ते रांगेतल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. दिवस गेलेत का. गेले असतील तर किती आठवडे झाले. आणि पुढच्या खेपेला यादी फिरेल तेव्हा ते पोट वाढलेलं आहे की नाही.

हुकूम क्रमांक ७७० ने गर्भपातावर बंदी घातलेल्या, १९८० च्या दशकातल्या रुमानियात हे घडत होतं. त्या काळातून गेलेल्या बायकांनी पुढे जे सांगितलं, त्यातून हे चित्र उभं राहतं. गाव बदललं, गिरणी बदलली, तरी रांग, पडदा आणि वही तीच. या तपासण्यांना लोकांनी ठेवलेलं नाव होतं ‘पाळी-पोलीस’.

हुकूमशाहीची पाळत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चोरून ऐकलेले फोन आणि वाफेवर उघडलेली पत्रं येतात. रुमानियात तेही होतं. हे प्रकरण मी अभ्यासाला घेतलं ते वेगळ्या कारणासाठी. आजारी माणूस ज्यांच्यासाठी आपलं दार आपणहून उघडतो, त्या डॉक्टर, नर्स आणि सुईणीच्या पायांनी इथे सरकार घरात शिरलं. त्याचा परिणाम काय झाला हे मोजायला या देशाने आकडेही मागे ठेवलेत, आणि ते आकडे फार बोलके आहेत.

हुकूम आला तो कसा

रुमानियात १९५७ पासून गर्भपात कायदेशीर होता, स्वस्त होता आणि सहज होत असे. गर्भनिरोधक साधनं मात्र दुकानात क्वचितच मिळायची. त्यामुळे मूल नको असलेल्या जोडप्याला गर्भपात हाच नेहमीचा उपाय होऊन बसला. १९६५ मध्ये देशात ११ लाखांवर गर्भपात नोंदले गेले. एका जन्मामागे चार, असं ते प्रमाण पडत होतं. जन्मदर घसरत १९६६ मध्ये हजारी १४.३ वर आला.

ही परिस्थिती काळजीची नव्हती असं मी म्हणणार नाही. एकेका बाईवर पाच-सहा वेळा ती शस्त्रक्रिया होणं कुठल्याही चांगल्या डॉक्टरला खटकलं असतं. गर्भनिरोधक साधनं उपलब्ध करून द्या, पाळणाघरं काढा, बाळंतिणीला रजा आणि दूध द्या, अशी उत्तरं त्यावर होती. मार्च १९६५ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखपदी आलेल्या निकोलाय चाउशेस्कू यांना मात्र झपाट्याने वाढणारे कारखाने दिसत होते आणि त्या कारखान्यांना उद्या लागणारे हात. ऑक्टोबर १९६६ मध्ये हुकूम क्रमांक ७७० निघाला. गर्भपात बंद. सूट फक्त मोजक्यांना: वय ४५ च्या पुढे असेल, आधीची चार मुलं असतील, बलात्कारातून किंवा रक्ताच्या नात्यातून गर्भ राहिला असेल, आईच्या जिवाला धोका असेल किंवा गर्भाला गंभीर आनुवंशिक आजाराची भीती असेल तर.

या हुकमातली एक तरतूद वाचताना मी थांबलो. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरला तातडीने गर्भपात करावा लागलाच, तर २४ तासांच्या आत सरकारी वकिलाला कळवणं बंधनकारक होतं. म्हणजे रोग्याच्या खाटेशेजारी पहिल्याच दिवशी सरकारी वकिलाची खुर्ची मांडून ठेवली होती. पुढच्या २३ वर्षांत जे झालं ते त्या खुर्चीवर येऊन बसण्याचंच काम होतं.

बरोबरीने घटस्फोटाचीही वाट जवळजवळ बंद केली गेली. १९६७ या अख्ख्या वर्षात देशभर ४८ घटस्फोट झाले. अठ्ठेचाळीस! न पटणाऱ्या जोडप्यांची संख्या एका वर्षात इतकी खाली येत नाही. ती सगळी माणसं एका छपराखाली कोंडून घातली गेली. पंचविशी ओलांडलेल्या निपुत्रिकांच्या पगारातून जादा कर कापला जाऊ लागला. लग्न झालेलं असो वा नसो, मूल न होण्याचं कारण वैद्यकीय असो वा आणखी काही, ते हिशेबात नव्हतं. गर्भनिरोधक गोळ्या आधीच दुर्मिळ होत्या, त्या आता दुकानातून नाहीशाच झाल्या आणि परदेशातून चोरून आलेल्या काळ्या बाजारातच मिळू लागल्या.

पहिलं वर्ष आणि त्यानंतरची सोळा

हुकूम अचानक आला होता. कुणाचीच तयारी नव्हती. १९६६ मध्ये सुमारे २ लाख ७४ हजार बाळं जन्मली होती. १९६७ मध्ये जवळपास ५ लाख २८ हजार. प्रसूतिगृहांत एकेका खाटेवर दोन दोन बाळंतिणी. जन्म दुप्पट झाले, पण दाया, खाटा, दूध, औषधं तेवढीच राहिली. अर्भकमृत्यूचा दर चढून १९६८ मध्ये हजारी ६० च्या घरात गेला. जी मुलं जगली त्यांना रुमानियन भाषेत एक नाव मिळालं: ‘देक्रेत्सेई’, म्हणजे हुकमाची लेकरं. बालवाडीपासून प्रत्येक ठिकाणी ही मुलं पोचली की जागा अपुरी पडायची.

सरकारला हे यश वाटलं. पण लोक हळूहळू वाटा शोधू लागले. दिवस मोजणं, संयम पाळणं, काळ्या बाजारातली गोळी, ओळखीचा डॉक्टर. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख होती त्याचं निभावलं. ज्या बाईकडे दोन्ही नव्हतं तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर, अडाणी हातांकडून करून घेतलं. शिवाय सवलतीत बसणाऱ्या आणि ‘आपोआप गर्भ पडला’ म्हणून दाखल होणाऱ्या बायका होत्याच. १९८३ मध्ये नोंदलेले गर्भपात ४ लाखांच्या वर होते आणि जन्म त्याहून कमी, सुमारे ३ लाख २१ हजार. जन्मदर परत हजारी १४.३ वर येऊन टेकला. सतरा वर्षं हुकूम राबवून आकडा दशांशासकट जिथल्या तिथे.

इथवर जे होतं ते बंदीचं प्रकरण आहे. तशी बंदी अनेक देशांत होती, आजही आहे. माझ्या दृष्टीने खरं प्रकरण इथून पुढे सुरू होतं.

१९८४

त्या काळातलं एक सामान्य घर डोळ्यांपुढे आणायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. परदेशी कर्ज झाडून फेडायचं असं चाउशेस्कूंनी ठरवलं होतं. त्यासाठी धान्य, मांस, जे विकता येईल ते देशाबाहेर जात होतं. घरी पाव, अंडी, तेल, साखर रेशनवर. दुधासाठी पहाटेपासून रांग. हिवाळ्यात घराघरातलं तापमान उतरवलेलं, त्यामुळे माणसं कोट घालून झोपायची. संध्याकाळी वीज जायची. अशा दोन खोल्यांच्या घराला सांगितलं गेलं की तुमच्याकडून चार मुलांची अपेक्षा आहे.

मार्च १९८४ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने लोकसंख्येचा ठराव केला आणि यंत्रणा जोमाने कामाला लागली. १९८५ च्या नव्या हुकमाने सवलत आणखी आवळली: चारऐवजी पाच मुलं, आणि ती पाचही १८ वर्षांखालची, आईच्या सांभाळात असलेली. गर्भ ही सगळ्या समाजाची मालमत्ता आहे आणि मूल होऊ न देणारा माणूस देशाकडे पाठ फिरवणारा पळपुटा आहे, असं खुद्द चाउशेस्कूंचं म्हणणं होतं. मालमत्ता म्हटलं की तिची मोजदाद आलीच. म्हणून ती वही.

तपासणी दर तीन महिन्यांनी, काही ठिकाणी महिन्याला. जिथे बायका मोठ्या संख्येने काम करत तिथे ती जास्त कडक: कापडगिरण्या, कारखाने. चुकवली तर पुढे कशाहीसाठी दवाखान्यात गेलं की अडवणूक, मग दात दुखत असला तरी. गर्भ आढळला की नाव वहीत चढलं. त्या नावापुढे वेळेवर बाळंतपणाची नोंद आली नाही तर विचारपूस सुरू. बाईची पाळी कधी येते हे जिथे नवऱ्यालाही नेमकं ठाऊक नसतं, सासूला तर अंदाजच असतो, तिथे ती तारीख आता खात्याच्या साहेबाला कळत होती.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. हे सगळं सगळीकडे सारख्याच काटेकोरपणे झालं नाही. अनेक डॉक्टर पडद्याआड बाईकडे न बघताच फॉर्म भरून मोकळे होत. काही दहा आठवड्यांचा गर्भ ‘नाही’ म्हणून लिहीत, म्हणजे तिला वाट शोधायला सवड मिळावी. विद्यापीठं, संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी तपासणी कित्येकदा कागदोपत्रीच होती. पण नेमका कुठला डॉक्टर आपल्यासाठी खोटं लिहील आणि कुठला खरं, हे बाईला आधी कळायला काही मार्ग नव्हता. धाक बसवायला तेवढी अनिश्चितता पुरेशी होती.

डॉक्टरांचंही मांडायला हवं, कारण त्यांना नुसतं खलनायक ठरवलं तर प्रकरण कळतच नाही. आपल्या विभागातल्या जन्मांचं उद्दिष्ट पुरं झालं नाही तर डॉक्टरचा पगार कापला जाई. बेकायदा गर्भपात केल्याचं सिद्ध झालं तर तुरुंग. सहकारी खबर देईल, नर्स देईल, वॉर्डबॉय देईल. सिक्युरिताते या गुप्त पोलिसांनी इतरत्र विणलेलं खबऱ्यांचं जाळं इस्पितळातही होतंच.

खाटेवरचा प्रश्न

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येतो. रात्री उशिरा एक बाई इस्पितळात आणली जाते. अंगात ताप, रक्तस्राव थांबत नाही. वय तिशीचं, घरी दोन-तीन मुलं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा बायका म्हणजे कुणी नादान पोरी, असं चित्र प्रचारात रंगवलं जायचं. प्रत्यक्षात त्यांत बहुसंख्य लग्नाच्या, लेकुरवाळ्या होत्या. घरातल्या तोंडांना किती पाव पुरतो हे त्यांनाच ठाऊक होतं.

तिला लगेच आत घेतलं तर वाचण्यासारखी असते. पण आधी जबाब. गर्भ आपोआप पडला की पाडला? पाडला तर कुणी? नाव काय, पत्ता काय, किती पैसे दिले? मोठ्या इस्पितळात यासाठी मिलिशियाचा, म्हणजे पोलिसांचा माणूस किंवा सरकारी वकील हजर असे. नाव मिळेपर्यंत उपचार थांबवून ठेवले जात. डॉक्टर हातमोजे घालून उभा, नर्स उभी, आणि प्रश्न विचारणारा खाटेशी. तिने नाव सांगितलं तर जिने मदत केली ती जाते तुरुंगात. अनेकदा ती तिची मैत्रीण असते, शेजारीण असते, कधी सख्खी बहीण. नाही सांगितलं तर वेळ जातो. काही बायकांनी नाव सांगितलं. काहींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि तो शेवट खरोखरच शेवट होता.

याचा हिशेब वैद्यकीय भाषेत मांडला तर तो जास्तच अंगावर येतो. अशा रोग्याच्या बाबतीत तास महत्त्वाचे. जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याआधी ती आली तर वाचते. पण खाटेवर काय विचारतात हे गावभर ठाऊक झालं, तेव्हा बायकांनी येणंच लांबवलं. आज बघू, उद्या ताप उतरेल, नवरा म्हणतो थांब. शेवटी बेशुद्ध झाल्यावर आणलं जायचं, तेव्हा विचारायलाही काही उरलेलं नसायचं. डॉक्टरला खरं सांगितलं तर कैद, खोटं सांगितलं तर चुकीचे उपचार. म्हणून माझं मत असं की या बायकांच्या मृत्यूंमागे नुसती बंदी नव्हती. इस्पितळ आणि पोलीस ठाणं यांच्यामधली भिंत पाडली गेली, हे मोठं कारण होतं. बंदी असूनही डॉक्टर गुप्तता पाळू शकला असता, तर यातल्या कित्येकी वेळेवर पोचल्या असत्या.

आकडे असे. १९६६ मध्ये दर एक लाख जन्मांमागे सुमारे ८६ माता दगावत होत्या. १९८९ मध्ये सुमारे १७०. युरोपात इतका वाईट आकडा दुसऱ्या कुठल्याच देशाचा नव्हता. शेजारच्या देशांच्या तो कैक पट होता. त्या वर्षी दगावलेल्या दर १०० मातांपैकी ८० हून जास्त गर्भपातातल्या गुंतागुंतीने गेल्या. हुकमाच्या काळात अशा मृत्यूंची सरकारी नोंद ९ हजारांवर जाते. ज्या बायका घरीच गेल्या, किंवा ज्यांच्या दाखल्यावर दुसरंच कारण लिहिलं गेलं, त्या यात नाहीत.

आणि एवढं करून जन्मदर? १९८३ मध्ये १४.३, १९८९ मध्ये १६.

घराच्या आत

तपासणीच्या रांगेपेक्षाही एक खोलवरचा बदल घराच्या आत झाला, आणि त्याची आकडेवारी कुणीच ठेवलेली नाही. नवरा-बायकोची जवळीक म्हणजे दर महिन्याची टांगती तलवार झाली. बायका कॅलेंडरवर खुणा करत आणि कुणाच्या नजरेला पडतील म्हणून खोडत. पाळी चार दिवस लांबली की घरात सन्नाटा. त्याबद्दल बोलायचं तर शब्द जपून, कारण भिंतीपलीकडे शेजारी. मुलांसमोर तर काहीच नाही. मूल शाळेत बोलून जाईल. आईने मुलीला जे सांगायचं ते सांगितलं नाही. ज्या विषयात मुलीला आईची सर्वांत जास्त गरज, त्याच विषयावर घरात तोंड शिवलेलं. अशी एक अख्खी पिढी वयात आली.

या वातावरणाला पोसणारे दुसरे नियमही होते. परदेशी माणसाशी बोलणं झालं तर २४ तासांत त्याची माहिती द्यायची. परदेशी पाहुण्याला, अगदी जवळचा नातलग नसेल तर, घरी मुक्कामाला ठेवायचं नाही. मार्च १९८३ च्या हुकमाने घरातला टाइपरायटरही मिलिशियाकडे नोंदवावा लागे आणि त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करावा लागे, म्हणजे एखादं पत्रक सापडलं तर ते कुणाच्या यंत्रावर निघालं ते ताडता येईल. टाइपरायटर आणि गर्भाशय, दोन्हींची नोंद ठेवणारं हे राज्य होतं. दोन्हींतून काय बाहेर येणार हे आधी आपल्याला कळलं पाहिजे, हाच दोन्हीकडचा हट्ट.

२६ डिसेंबर १९८९

१६ डिसेंबर १९८९ ला तिमिश्वारा शहरात लोक रस्त्यावर उतरले. २१ तारखेला बुखारेस्टच्या चौकात सज्जातून भाषण करताना चाउशेस्कूंना समोरच्या गर्दीचा ओरडा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी ते हेलिकॉप्टरने पळाले. २५ तारखेला तर्गोविश्ते इथे झटपट खटला चालवून त्यांना आणि पत्नी एलेना यांना गोळ्या घातल्या गेल्या. रस्त्यावर गोळ्या झेलणाऱ्यांत २२ वर्षांची मुलं-मुली मोठ्या संख्येने होती. १९६७ ची, हुकमाची लेकरं.

त्यानंतर नव्या सत्तेने अगदी पहिल्या निर्णयात, २६ डिसेंबरलाच, गर्भपातबंदी उठवली. देशात अजून गोळीबार थांबलेला नव्हता, सरकार नीट बसलेलं नव्हतं, अन्नाचा प्रश्न होता, थंडीचा होता. तरीही हे पहिल्या यादीत आलं. लोकांच्या मनात काय सर्वांत वर होतं याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

एका वर्षात मातामृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. नवी इस्पितळं बांधली नव्हती, नवी औषधं आली नव्हती. बाई वेळेवर दारात आली आणि तिला नाव विचारलं गेलं नाही, मुख्य फरक तेवढाच. १९९० मध्ये नोंदलेले गर्भपात १० लाखांच्या आसपास गेले. दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

सरकारला हवी म्हणून जन्मलेली पण सांभाळायला कुणी नसलेली मुलं अनाथालयांत सापडली. एक लाखाहून अधिक. बहुतेकांचे आई-बाप जिवंत होते. मूल पोसायची ऐपत नव्हती. अशक्त मुलांना तब्येत सुधारावी म्हणून थोडं थोडं रक्त देण्याची पद्धत होती. ते रक्त न तपासता, आणि सुया पुन्हा पुन्हा वापरून दिल्यामुळे हजारो लेकरांना एचआयव्हीची लागण झाली. हे मी चार ओळींत लिहून पुढे जातो आहे याची मला जाणीव आहे. त्या मुलांवर वेगळं प्रकरण लिहायला हवं.

१९९३ मध्ये रुमानियातल्या बायकांची मोठी पाहणी झाली. तोवर गोळ्या, तांबी, निरोध सगळं खुलं होऊन तीन वर्षं लोटली होती. तरी लग्न झालेल्या १०० बायकांपैकी जेमतेम १४ आधुनिक साधनं वापरत होत्या. याहून कितीतरी जास्त घरांत दिवस मोजणं आणि संयम हेच चालू होतं, आणि चुकलं तर गर्भपात. गोळीने कर्करोग होतो, गोळीने बाई कायमची आजारी पडते, हे दोन दशकं ऐकवलेलं कानातून गेलं नव्हतं. त्या शंका विचारायच्या तर डॉक्टरलाच विचारायला हव्यात, आणि डॉक्टरसमोर बसून आपल्या पाळीबद्दल आपण होऊन बोलणं त्या बायकांना जमत नव्हतं.